मच्याडोंची पणजी

पास्कल मच्याडोंना "तुम्ही मॉर्मन ना हो?" असं लिफ्टमध्ये विचारू नये, हे आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जाई. 'मॉर्मन' हे अमेरिकेत निघालेल्या त्यांच्या ख्रिस्ती पंथाला लोकांनी पाडलेलं नाव आहे, असं मच्याडो शांतपणे सांगत आणि मग आपल्या चर्चचं पूर्ण, अधिकृत नाव उच्चारायला घेत. तळमजल्यावर सुरू झालेलं ते नाव तिसऱ्या मजल्यावर संपे. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. मी त्यांना हा प्रश्न किमान दहा वेळा लिफ्टमध्येच विचारला असेल. दहाही वेळा ते नाव पूर्ण करत माझ्याबरोबर तिसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि जिन्यानं खाली उतरले.

ऑफिस दोह्यात, बिन महमूदमध्ये. मी नाशिकचा, पाइपिंगचा इंजिनियर. मच्याडो वसईचे, डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे आम्ही काढलेलं प्रत्येक ड्रॉइंग त्यांच्या टेबलावरून जायचं आणि त्यावर त्यांनी नंबर, तारीख आणि शिक्का टाकेपर्यंत ते जगात आलं असं कुणी मानत नसे. ड्रॉइंग बदललं की नवी रिव्हिजन निघे आणि जुन्यावर 'सुपरसीडेड' असा लाल शिक्का बसे. आम्हा इंजिनियरांना वाटे, शिक्का बसला की कागद टोपलीत. मच्याडो तो टोपलीतून काढत, सुरकुत्या सारख्या करत आणि कपाटात लावत. "रद्द झालं म्हणजे नव्हतंच असं नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. सगळं काम संगणकावर गेलं तरी त्यांच्या टेबलावर शिक्क्यांचं स्टँड होतंच, एखाद्या घरात देव असावेत तसं.

दिसायला बुटके, गोल चेहऱ्याचे, बारा महिने पांढरा हाफ शर्ट आणि गडद टाय. ऑगस्टमध्ये दोह्यात पायाखालचा डांबरी रस्ता मऊ होतो, तेव्हाही टाय. पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक असलेल्या वसईच्या घरातला माणूस या पंथात गेला कसा, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तरुणपणी बंगळूरला नोकरीला होतो. पांढरे शर्ट, काळे टाय घातलेले दोन परदेशी तरुण रस्ता विचारायला आले. मी त्यांना बसस्टॉपचा रस्ता सांगितला. त्यांनी मला दुसराच सांगितला."

"आणि टाय?"

"तो त्यांच्याकडे बघून. मला वाटलं, कंपल्सरी आहे."

कतारमध्ये दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढायला कायद्यानं बंदी आहे, आणि यांचा धर्म तर सांगतो की सगळ्यांना सांगा. या कात्रीत माणूस करतो काय, हे मला बघायचं होतं. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम खोदून खोदून विचारी. मच्याडो विचारलं तेवढंच सांगत आणि डबा उघडत. "साइटवरून प्रश्न आला की विचारलं तेवढंच उत्तर लिहावं, वैद्य. जास्त लिहिलं की त्यातून नवे प्रश्न निघतात."

पण माणूस अंधभक्त नव्हता. घरी त्यांच्या कपाटात त्यांच्याच पंथातल्या अभ्यासकांची जाडजूड पुस्तकं होती. इतिहासातल्या अडचणीच्या जागा, संस्थापकांची अनेक लग्नं, ग्रंथाच्या उगमाबद्दलचे वाद, सगळं त्यांनी पेन्सिलीनं खुणा करून वाचलेलं होतं. मी म्हटलं, "इतकं वाचूनही विश्वास बसतो?" आमच्याकडे क्लायंट ड्रॉइंग तपासून परत पाठवतो तेव्हा त्यावर कोड असतो. कोड वन म्हणजे मंजूर. कोड थ्री म्हणजे पुन्हा काढा. मच्याडो म्हणाले, "माझा विश्वास कोड टू आहे. शेऱ्यांसह मंजूर. शेरे मिटवत राहायचं, काम थांबवायचं नाही."

त्या अनेक लग्नांवरून ऑफिसात थट्टा व्हायची ती व्हायचीच. ती कानावर आली की त्यांच्या बायको फिलोमिनाताई म्हणत, "यांना एका बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नाही." फिलोमिनाताई हॉस्पिटलात नर्स होत्या आणि पक्क्या कॅथलिकच राहिल्या होत्या. दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, मच्याडो सकाळी आपल्या लहानशा मंडळीबरोबर प्रार्थनेला एका व्हिलात जात. मग घरी येऊन बायकोला शहराबाहेर नेत, जिथे सगळी चर्चेस एकाच आवारात आहेत. त्या हजारोंच्या गर्दीत मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात आणि हे पार्किंगमध्ये गाडीत पुस्तक वाचत बसत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्यांचा उपास असे. नेमक्या त्या दिवशी फिलोमिनाताई मासळी करत. त्याला मी योगायोग मानत नाही.

त्यांच्या घरात पलंगाखाली वर्षभराचा तांदूळ, डाळ, गहू आणि दुधाची पावडर असे. तीही त्यांच्या पंथाची शिकवण, घरात नेहमी साठा असावा. फिलोमिनाताई म्हणत, "मी गोदामावर झोपते." मग एके वर्षी शेजारच्या देशांनी कतारशी भांडण काढून सीमा बंद केल्या. त्या संध्याकाळी सुपरमार्केटातली दुधाची फडताळं रिकामी झाली आणि अख्खी बिल्डिंग मच्याडोंच्या दारात आली. मच्याडो टाय लावून दारात उभे. हातात यादी, मुदतीची तारीख आधी संपणारा डबा आधी द्यायचा. दोन दिवसांत दुकानं पुन्हा भरली. फिलोमिनाताईंनी मात्र त्यानंतर पलंगाचा विषय काढला नाही.

पंथाच्या नियमानं चहा नाही, कॉफी नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. दोह्यात जिथे तिथे करक चहाचे कप उभे असतात, तिथे हा माणूस गरम पाणी प्यायचा. खरी पंचाईत क्लायंटकडे. क्लायंटचे अबू नासर हे वयस्क कतारी गृहस्थ, आमच्या सगळ्या कागदांचे मालक. त्यांच्याकडे गेलं की आधी गहवा, म्हणजे वेलदोड्याची अरबी कॉफी, इवल्याशा बिनकानाच्या कपात. त्या कपाला फिंजान म्हणतात. रीत अशी की तुम्ही फिंजान दोनदा हलवून 'पुरे' सांगत नाही तोवर वाढणारा वाढतच राहतो. नाही म्हणणं तर यजमानाचा अपमान.

मी आणि मच्याडो पहिल्यांदा एकत्र गेलो तेव्हा मी एका पायावर तयार होतो, धर्म जातो की क्लायंट, ते बघायला. मच्याडोंनी रिकामं फिंजान अदबीनं घेतलं. वाढणारा वाकला. कॉफीची धार पडायच्या आत मच्याडोंनी फिंजान दोनदा हलवलं आणि परत दिलं.

मग अबू नासर इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. कारण समजल्यावर त्यांच्या त्या खास हिंदीत म्हणाले, "शराब नहीं, सिगरेट नहीं, महीने में रोजा भी रखता है. तुम आधा तो हमारा आदमी है." तेव्हापासून मच्याडोंसाठी आल्याचं गरम दूध येऊ लागलं.

दूध पिता पिता मच्याडोंनी त्यांना त्यांच्या वडलांचं नाव विचारलं. मग आजोबांचं. अबू नासरनी डोळे मिटले आणि एका दमात अकरा पिढ्या म्हणून दाखवल्या. अमक्याचा मुलगा तमका, वाळवंटातून उंट एका रांगेत जावेत तसे. मच्याडो भराभरा लिहून घेत होते. संपल्यावर पेन्सिल उचलून त्यांनी विचारलं, "और इनकी माँ लोग?"

अबू नासरनी डोळे उघडले. म्हणाले, "वो कोई पूछता नहीं."

"हाँ," मच्याडो म्हणाले. "हमारे यहाँ भी नहीं पूछा."

इथे मच्याडोंच्या आयुष्यातली मुख्य गोष्ट सांगायला हवी. पूर्वजांची नावं जमवणं हे त्यांच्या पंथात पुण्यकर्म. जे पूर्वज हा मार्ग न कळता गेले, त्यांच्या वतीनं जिवंत माणसानं टेम्पलमध्ये, म्हणजे पंथाच्या खास मंदिरात, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. तो स्वीकारायचा की नाही, हे त्या गेलेल्या माणसानं तिकडे ठरवायचं. मच्याडो म्हणत, "आम्ही फक्त दार उघडतो." पण दार उघडायला नाव लागतं. टेम्पल दोह्यात नाही, विमानानं लांब जावं लागतं. ती यात्रा त्यांनी निवृत्तीच्या आधी करायची ठरवली होती आणि त्यासाठी एक्केचाळीस नावं जमवली होती. बेचाळिसावं मिळत नव्हतं. ते त्यांच्या पणजीचं होतं.

पणजोबा आंतोन प्लेगात गेले. मागे पाच लेकरं. पणजीनं दुसऱ्यांच्या वाडीत भाजी काढून ती वाढवली. "जिच्यामुळे आम्ही सगळे आहोत," मच्याडो म्हणत, "ती सगळीकडे 'आंतोनची बायको' आहे." चर्चच्या जुन्या नोंदवहीची ती पानं पाणी लागून धुऊन गेली होती. नाव होतं फक्त एका ठिकाणी. वडलांच्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर, घरातल्या मेलेल्यांच्या यादीत. आणि ते पुस्तक होतं थोरल्या बहिणीकडे, वसईला.

सेलिनबाय हे या बहिणीचं नाव. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मच्याडोंनी तिला फोन लावला. लिहायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर ठेवला. भावंडं त्यांच्या कादोडी बोलीत बोलत होती. ती मला निम्मी कळते, उरलेली अंदाजानं सांगतो.

"बाय, पुस्तकात मागे पणजीचं नाव आहे ना?"

"आहे."

"सांग ना."

"कशाला?"

"तुला माहीत आहे कशाला."

"म्हणूनच नाही सांगत. तिचा बाप्तिस्मा झालाय, लग्न चर्चमध्ये झालंय, मूठमाती मिळालीये. दर नोव्हेंबरला मी तिच्या नावानं मिस्सा देते. आता तू तिला परत कशाला भिजवतोस?"

"बाय, मी फक्त..."

"ती काय तुझ्या ऑफिसातलं ड्रॉइंग आहे, पास्कू, नवी रिव्हिजन काढायला?"

मला हसू आलं आणि वरणाचा ठसका लागला. मच्याडो हसले नाहीत. फोन ठेवून त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि रिकाम्या ओळीकडे बघत राहिले. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर चिडला असता. ते म्हणाले, "तिचंही बरोबर आहे. ती तिच्या परीनं सांभाळतेय."

असे फोन मी नऊ वर्षं ऐकले. वर्षातून दोन, कधी तीन. उत्तर तेच.

याच काळात माझ्या मुलीला शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. आमच्या घरचे लोक मराठीत विचारतात आणि ती इंग्रजीत उत्तर देते, तेव्हा हा प्रकल्प मी मच्याडोंकडे सोपवला. ते एका शुक्रवारी संध्याकाळी मुऐदरला आमच्या घरी आले, मोठा कागद पसरला आणि मला प्रश्न विचारू लागले. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा मी धडाधड सांगितले. नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत ते सगळे आहेत. या वहीबद्दल ऐकून मच्याडोंचे डोळे असे चमकले, जसे दुसऱ्याचे बिर्याणी बघून चमकतात.

"आणि खापरपणजी?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. प्रेक्षक समोर असला की मला गप्प बसवत नाही. "गोदावरी," मी म्हणालो. "गोरीपान, तापट. सासऱ्याशी भांडून तीन दिवस जेवली नव्हती म्हणतात." सगळं जागेवर रचलेलं. नाशिकची बाई, दुसरं काय असणार?

मच्याडोंनी पेन्सिल थांबवली. "सोर्स?"

"घरात सांगतात."

"बरं," ते म्हणाले आणि लिहून घेतलं. मुलीला शाळेत शाबासकी मिळाली. भांडणाची गोष्ट तर बाईंना फारच आवडली.

याच फाजील आत्मविश्वासावर मी एकदा त्यांना सल्ला दिला. म्हटलं, "मच्याडो, लिहून टाका एखादं नाव. मारिया लिहा. त्या काळी निम्म्या वसईत मारियाच असतील. कुणाला कळणार आहे?"

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, चुकीचा नंबर पडलेल्या ड्रॉइंगकडे बघावं तसं.

"तिला कळेल ना," ते म्हणाले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी फिलोमिनाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मदतीला सेलिनबाय दोह्याला आल्या. उंच, काटक, पांढरं पातळ नेसणाऱ्या. नणंद-भावजय एका पक्षात, त्यामुळे घरात दोन विरुद्ध एक. मच्याडो खुशीत दिसत. दोघींना शुक्रवारी मिस्सेला नेत, बाहेर थांबत, परत आणत.

नोव्हेंबरात कॅथलिकांचा मेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस येतो. घरातल्या गेलेल्यांची नावं कागदावर लिहून पाकिटात चर्चमध्ये द्यायची. त्या दिवशी मच्याडोंची गाडी गॅरेजला होती म्हणून सारथी मी होतो. मी आणि मच्याडो पुढे, दोघी मागे. पार्किंगमध्ये थांबल्यावर सेलिनबायनी पाकिटासाठी पर्स उघडली तर फिलोमिनाताई म्हणाल्या, "यादी यांच्याकडे असते. दर वर्षी हेच लिहून देतात. माझं अक्षर यांना आवडत नाही."

मच्याडोंनी खिशातून घडी केलेला कागद काढून मागे दिला. ड्रॉइंगवर असतात तशी सुबक अक्षरं. मच्याडोंच्या घरातले, फिलोमिनाताईंच्या माहेरचे, सगळे. सेलिनबायचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. आंतोनच्या शेजारची जागा मोकळी होती आणि तिच्याभोवती ढगासारखी वाटोळी रेघ काढलेली होती. ढगाच्या कडेला लिहिलं होतं, 'होल्ड'.

"हे काय?"

मीच सांगितलं. "ड्रॉइंगमध्ये एखादी माहिती यायची बाकी असली की आम्ही त्या जागेभोवती असा ढग काढतो, बाय. होल्ड म्हणजे इथे थांबा. माहिती येईपर्यंत इथे काहीही भरायचं नाही."

"किती वर्षं हा असा कागद देतोयस, पास्कू?"

"लग्न झाल्यापासून."

"आमच्या मिस्सेसाठी?"

"मग काय झालं? माणसं तीच आहेत."

सेलिनबायनी कागद मांडीवर सपाट केला. बाहेर लोकांची रीघ लागली होती. मग त्यांनी हात पुढे केला. "पेन दे."

मी माझं दिलं. त्यांनी ढगात लिहिलं आणि कागद लगेच परत दिला नाही. "हे मी मिस्सेसाठी लिहिलंय. तुझ्या टेम्पलसाठी नाही. मी जिवंत असेन तोवर नाही, आणि मी मेल्यावरही नाही. शब्द दे."

हा माणूस माझ्यासमोरच नऊ वर्षं ज्याची वाट बघत होता ते नाव चार बोटांवर होतं. तोंडानं हो म्हणून पुढे हवं ते करणं त्याला अशक्य नव्हतं. वसईहून कोण बघायला येणार होतं?

"दिला," मच्याडो म्हणाले.

कागद पुढे आला. त्यावर लिहिलं होतं: नातालीन.

दोघी उतरून गेल्या. मच्याडोंनी ते नाव एकदा मोठ्यानं वाचलं, एकदा मनात, आणि घडी घालून फिलोमिनाताईंच्या मागे पळत जाऊन पाकिटात टाकलं. परत येऊन एसीसमोर टाय सारखा करत बसले.

दुसऱ्या कामाच्या दिवशी त्यांनी आपला मोठा वंशवृक्ष टेबलावर पसरला आणि आंतोनच्या शेजारी शाईनं नाव लिहिलं. मग शिक्क्यांच्या स्टँडवरून एक शिक्का निवडून शेजारी अलगद दाबला. आमच्याकडे जे ड्रॉइंग नुसतं बघायला द्यायचं असतं, ज्यावरून काम करायला मनाई असते, त्यावर तो मारतात. 'फक्त माहितीसाठी'.

मला राहवलं नाही. "म्हणजे तुमच्या हिशेबानं ती तिकडे थांबूनच राहणार?"

"थांबेल," मच्याडो म्हणाले. "इतकी वर्षं थांबलीच ना? आतापर्यंत आंतोनची बायको म्हणून थांबली होती. आता नातालीन म्हणून थांबेल." मग शिक्का पुसून स्टँडवर ठेवत म्हणाले, "आणि बायची मिस्सा पोचत असेल, तर थांबायचीही गरज नाही. तोही शेरा आहे. मिटायचाय अजून."

पुढच्या महिन्यात ते रजा काढून टेम्पलला जाऊन आले. एक्केचाळीस नावं घेऊन गेले. मी खोदून विचारलं. विचारलं तेवढंच त्यांनी सांगितलं.

ते दोह्यातून कायमचे निघाले त्या दिवशी विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. फिलोमिनाताई पुढे जाऊन सामानाची व्यवस्था बघत होत्या. मच्याडोंच्या हातात अबू नासरनी निरोपाला दिलेलं एक फिंजान होतं. बॅगेत फुटेल म्हणून हातातच ठेवलेलं. आत जायच्या आधी त्यांनी काखेतली गुंडाळी माझ्या हातात दिली. "तुमच्या घराण्याची ओरिजिनल. शाळेत दिली ती कॉपी होती."

ते आत गेले. काचेपलीकडे रांग होती. मी तिथेच उभ्याउभ्या गुंडाळी उलगडली. खाली मुलगी, वर मी, वर वडील, आजोबा, पणजोबा, सगळे शाईत, प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरात सोर्स. सर्वांत वर, खापरपणजोबांच्या शेजारी, पेन्सिलीत गोदावरी. तिच्याभोवती सुबक, गोलाकार ढग. ढगाच्या कडेला 'होल्ड', आणि तारीख त्याच शुक्रवारची, ज्या संध्याकाळी मी ती रचली होती.

मी मान वर केली. मच्याडो रांगेत मागे वळून माझ्याकडेच बघत होते, टाय सारखा, चेहरा गोल. मी काचेतूनच काहीतरी खुलासा करायला हात हलवू लागलो. सासऱ्याशी भांडणाचा भाग तरी खरा असू शकतो, असं काहीतरी. मच्याडोंनी हातातलं फिंजान वर धरलं, दोनदा हलवलं आणि रांगेबरोबर पुढे सरकले.